यंत्राला चाल कशी सांगावी?

आधी एक खेळ खेळा. त्याला साहित्य काहीच लागत नाही, फक्त एक मित्र हवा. तुम्हाला चांगली पाठ असलेली एखादी चाल मनात धरा आणि ती त्याला ओळखायला सांगा. अट अशी, की गुणगुणायचे नाही, बाकावर ठेका धरायचा नाही, गाण्यातला एकही शब्द उच्चारायचा नाही. केवळ वर्णन करायचे.

हा खेळ मी आमच्या अकरावीच्या वर्गात खेळून पाहिला. पहिला मुलगा म्हणाला, "फार गोड चाल आहे, ऐकली की मन भरून येते." कोणालाच काही कळले नाही. नंतर एक मुलगी उठली. ती म्हणाली, "संथ आहे, सगळे मिळून उभे राहून म्हणतात, बावन्न सेकंद लागतात." सारा वर्ग एका आवाजात ओरडला, "राष्ट्रगीत!"

आता गंमत पाहा. त्या मुलीनेही एकसुद्धा स्वर सांगितला नव्हता. मग वर्गाला चाल कळली कशी? कारण ती प्रत्येकाच्या स्मरणात आधीपासून होती आणि 'उभे राहून', 'बावन्न सेकंद' हे शब्द तिला जणू चिकटलेले होते. राष्ट्रगीत कधीच न ऐकलेला एखादा परदेशी पाहुणा वर्गात असता, तर एवढ्या वर्णनावरून त्याला ते म्हणता आले असते का? मुळीच नाही.

शब्दांत वर्णन दिले की संगीत तयार करून देणारी संगणकीय साधने आता सर्रास मिळू लागली आहेत. गूगलने 'म्युझिकएलएम'ची माहिती जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जूनमध्ये मेटा कंपनीचे 'म्युझिकजेन' आले. पुढे 'सुनो' व 'युडिओ' या सेवांमुळे तर कोणालाही शब्द टाइप करून मिनिटभरात अख्खे गाणे मिळू लागले. यंत्राला द्यायच्या या वर्णनाला इंग्रजीत 'प्रॉम्प्ट' म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. आपल्या नाटकांत विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर असतो. तो नटाला नवे नाटक शिकवीत नाही. नटाने पाठ केलेलेच, पण ऐन वेळी न आठवणारे वाक्य सुचवतो. यंत्राला सूचना देणाऱ्याचे कामही बरेचसे असेच आहे. ही गोष्ट ध्यानात आली, की कोणते शब्द लिहावेत आणि कोणते लिहून उपयोग नाही याचा उलगडा होऊ लागतो.

मला तो उलगडा झाला तो नववीच्या मुलांमुळे. गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेतील सात-आठ मुलांनी गावातल्या बारवेवर सहा मिनिटांची एक चित्रफीत केली. पायऱ्या कशा आहेत, गाळ कसा काढला, पाणी कोठून येते, असे सगळे त्यांनी टिपले होते. तिला पार्श्वसंगीत हवे होते. बाजारातले गाणे घेतले तर ते दुसऱ्याच्या मालकीचे, म्हणून मुलांनी यंत्राकडून करून घ्यायचे ठरवले आणि मदतीला मला बोलावले. (अशा सेवांना वयाची अट असते, तेव्हा शिक्षकांचे खाते वापरले होते.) त्यांची पहिली सूचना होती, 'छानसे मराठी संगीत'. यंत्राने काय द्यावे? आधी सतार, मागून धडाड्धूम ढोल आणि त्यावर हिंदी चित्रपटातल्या लग्नाच्या वरातीसारखा कल्लोळ! मुले हसली, पण एका मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सर, त्याला मराठी म्हणजे काय ते माहीतच नाही." तिचे बोलणे किती नेमके होते ते मला पुढे कळले.

यंत्र ऐकते म्हणजे काय करते?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार, हे तुम्ही शिकला आहात. हे चढउतार ठरावीक काळाने मोजून त्यांचे आकडे मांडले, की ध्वनीचे अंकरूप होते. संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. तीन मिनिटांच्या गाण्याचे एका वाहिनीसाठी झाले ७९,३८,००० आकडे. पुढचा प्रत्येक आकडा आधीच्या लाखो आकड्यांवरून ठरवत बसणे कोणत्याही संगणकाला महाग पडेल.

म्हणून एक युक्ती करतात. आपण बोलतो तेव्हा घशातून असंख्य प्रकारचे तरंग निघतात. पण लिहिताना ते सारे पन्नासएक मुळाक्षरांत बसवतोच ना? तशीच यंत्राकरिता ध्वनीची 'अक्षरे' तयार करतात. म्युझिकजेनमध्ये सेकंदाला ३२,००० आकडे असलेला ध्वनी सेकंदाला अवघ्या २०० अक्षरांत लिहिला जातो. १६० आकड्यांच्या जागी एक अक्षर! मग यंत्राचे काम एवढेच, की आतापर्यंतची अक्षरे पाहून पुढचे अक्षर कोणते असण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी त्याला सुमारे २०,००० तासांचे संगीत देण्यात आले. रात्रंदिवस न थांबता ऐकायचे म्हटले, तर आपल्याला सव्वादोन वर्षे लागतील. प्रत्येक तुकड्यासोबत त्याचे शब्दांतले वर्णन होते. अंदाज चुकला की यंत्रातले गुणक थोडेसे बदलायचे, पुन्हा अंदाज, पुन्हा बदल. त्याच्या मोठ्या आवृत्तीत असे ३३० कोटी गुणक आहेत. (काही साधने वेगळ्या वाटेने जातात. ती निव्वळ खरखरीपासून सुरुवात करून तिच्यातून हळूहळू संगीत 'गाळून' काढतात. वर्णनाचा संबंध मात्र तेथेही असाच जोडलेला असतो.)

यात संगीताचे नियम कोठेच लिहून दिलेले नाहीत, हे लक्षात घ्या. १९५७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांची 'इलियाक सूट' ही रचना करून घेतली, तेव्हा पद्धत उलटी होती. संगणक फासे टाकल्याप्रमाणे स्वर निवडी आणि दिलेल्या नियमांत न बसणारे स्वर टाकून देई. त्या यंत्राला नियम ठाऊक होते, उदाहरणे नव्हती. आजच्या यंत्राजवळ उदाहरणे ढीगभर आहेत, नियम नाहीत. मग सूचनेतला शब्द काय करतो? तो ज्या ज्या ध्वनिमुद्रणांना चिकटलेला होता, त्यांच्याकडे यंत्राचा अंदाज झुकवतो. बस्स, इतकेच.

आता 'छानसे' या शब्दाचे काय झाले ते सांगा पाहू. तो प्रेमगीताला चिकटतो, अंगाईला चिकटतो, आणि लष्करी बँडलाही! त्याने अंदाज कोठेच झुकत नाही. 'बासरी' हा शब्द मात्र ज्या मुद्रणात बासरी ऐकू येते, त्याच मुद्रणाला कोणीतरी लिहिलेला असतो. गूगलच्या संशोधकांनी ५,५२१ तुकड्यांचा एक संग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. प्रत्येक तुकडा दहा सेकंदांचा आणि त्याचे वर्णन जाणत्या संगीतकारांनी लिहिलेले. ती वर्णने वाचण्यासारखी आहेत. कोणते वाद्य, लय जलद की संथ, गाणारा स्त्री की पुरुष, मुद्रण स्वच्छ की खरखरीत, असा त्यांचा रोख असतो. म्हणजे सूचना लिहिणाराने आपण संगीत मागतो आहोत असे समजू नये. ते तयार झाले आहे, आपण ते ऐकले आहे आणि आता परक्या माणसाला त्याचे वर्णन लिहून देतो आहोत, असे समजावे.

हे उमगल्यावर मुलांनी एक वही केली. या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळी मौज त्या वहीतच होती. वहीत डावीकडे सूचना आणि उजवीकडे कानांना काय ऐकू आले, ते. प्रयोगशाळेत लंबकाची लांबी बदलताना आपण गोळ्याचे वस्तुमान बदलत नाही. तसाच येथेही नियम केला, की एका वेळी एकच शब्द बदलायचा. पण पहिल्याच दिवशी अडचण आली. तीच सूचना दोनदा दिली, तर दोनदा निरनिराळे संगीत आले! एक मुलगा म्हणाला, "सर, यंत्र बिघडले." बिघडले नव्हते. यंत्र दर वेळी सर्वांत संभवनीय अक्षरच घेत नाही. संभवांच्या प्रमाणात फासे टाकून निवडते. तसे केले नाही तर संगीत तेच ते होऊन अडकून पडते. तेव्हा एका निकालावरून काहीच ठरवता येत नाही. मग मुलांनी प्रत्येक सूचना चार वेळा द्यायची आणि चारही वेळा जे ऐकू येईल तेवढेच त्या शब्दाचे श्रेय मानायचे, असे ठरवले. ही सूझ त्यांची, माझी नव्हे.

वहीतल्या काही नोंदी सांगतो. सूचना आम्ही इंग्रजीत लिहिल्या होत्या, कारण यंत्राने पाहिलेली वर्णने बहुतेक इंग्रजीतली. मराठीत लिहिले तेव्हा निकाल अधिक मोघम आले.

'उदास' लिहिले. चारांतून तीन वेळा पियानो आला. आम्ही पियानो मागितलाच नव्हता! पण ज्या मुद्रणांना कोणी 'उदास' म्हटले त्यांत संथ पियानो पुष्कळ असणार. म्हणून भावनेच्या मागोमाग वाद्यही आले. भावना सांगायची तर वाद्यही सोबत सांगावे लागते.

'ढोल नको' लिहिले. ढोल दोनदा आला! मुले चिडली. विचार करा, कोणत्याही गाण्याच्या वर्णनात त्यात काय नाही, हे कोणी लिहिते का? 'या गाण्यात ढोल नाही' असे लिहिणारा विरळाच. 'ढोल' हा शब्द दिसला, की यंत्र ढोलाकडे झुकते. 'नको'चे वजन फार हलके पडते. त्याऐवजी 'एकटी बासरी, मागे फक्त तंबोरा' लिहिले, तेव्हा चारही वेळा ढोल गेला. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींकरिता निराळी चौकट असते, तेथे ते लिहावे.

लय आकड्यात सांगता येते, हे मुलांना फार आवडले. मिनिटाला ६० ठोके म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याची चाल. निकाल आल्यावर पंधरा सेकंद टाळ्या मोजून चाराने गुणायचे. बहुतेक वेळा लय मागितल्याच्या आसपास भरे. एकदा मात्र ६० मागून कोणी ६० मोजले, कोणी १२०! दोघांचेही बरोबर होते. एकाच लयीची दुगुण मोजता येते हे आपल्याकडे तबल्याच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

सर्वांत चांगली नोंद जागेविषयी होती. बारवेत बोलले की आवाज घुमतो. प्रतिध्वनी आणि निनाद यांतला फरक मुले नुकतीच शिकली होती. त्यांनी 'दगडी वास्तूत वाजवल्यासारखा दीर्घ निनाद' असे लिहिले आणि बासरी खरोखरच खोल विहिरीतून आल्यासारखी ऐकू आली.

भूप मागितला, मध्यम आला

एवढे यश मिळाल्यावर मुलांना वाटले, आता राग मागू. सूचनेत 'राग भूप' लिहिले. भूपात स्वर पाचच, सा रे ग प ध. मध्यम व निषाद वर्ज्य. संगीताच्या बाईंनी पेटी पुढे घेतली आणि तपासले, तो चार निकालांपैकी तिघांत मध्यम स्वच्छ लागलेला! यंत्राला 'राग' हा शब्द ठाऊक होता. त्याला सतार, तंबोरा, 'ध्यानधारणा' असे काहीबाही चिकटले होते. पण भूप आणि यमन यांत फरक करण्याइतकी, नीट नावे लिहिलेली मुद्रणे त्याच्या कानांवरून गेलीच नसावीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्रांसाठी वापरलेल्या दहा लाख तासांहून अधिक संगीताची छाननी केली आहे. त्यातले सुमारे ८६ टक्के तास युरोप-अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांच्या संगीताचे आहेत, असे त्यात आढळले. 'त्याला मराठी म्हणजे काय ते माहीतच नाही' हे त्या मुलीचे वाक्य मला येथे आठवले.

मग बाईंनी एक वाट काढली. पाश्चात्त्य संगीतात 'मेजर पेंटाटोनिक' नावाची पाच स्वरांची श्रेणी आहे. तिचे स्वर आणि भूपाचे स्वर तेच. सूचनेत तो शब्द घातला आणि मध्यम नाहीसा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण बाई गप्प होत्या. त्यांनी पेटीवर आधी भूप वाजवला, मग देशकार. दोन्हींत स्वर तेच पाच! भूपात गंधाराला महत्त्व, तो संध्याकाळचा राग; देशकारात धैवताला महत्त्व, तो सकाळचा. यंत्राने दिलेले काय होते? "स्वर बरोबर आहेत," बाई म्हणाल्या, "पण हा भूपही नाही आणि देशकारही नाही." रागाचे चलन त्या इंग्रजी शब्दाला चिकटलेले नव्हते, मग ते येणार कोठून?

शब्दांनी संगीत पकडण्याचा खटाटोप आपल्याकडे नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी (१८६०–१९३६) गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत मांडल्या आणि रागांचे वर्णन लिहून ठेवले. त्यांनी लक्षणगीतेही रचली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात ते गायचे त्याच रागाची लक्षणे शब्दांत सांगणारे गीत, वर्ज्य स्वर कोणते, वादी कोणता, वेळ कोणती. शब्द आणि ध्वनी यांची इतकी घट्ट जोडी मला दुसरीकडे दिसलेली नाही. ही मंडळी यंत्राच्या शिकवणीला असती तर मध्यम खासच लागला नसता!

चित्रफितीच्या शेवटासाठी मुलांना सात मात्रांचा रूपक हवा होता. गावच्या भजनी मंडळातले पखवाज वाजवणारे बुवा सत्तरीचे आहेत. मुलांनी त्यांना निकाल ऐकवले. पहिले दोन सातावरून निसटून चारांच्या घरात गेले होते. तिसरा सात मात्रांचाच होता. बुवांनी मांडीवर बोटे धरून तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "बाळांनो, हा सात मोजतो खरा. पण परत यायचे कुठे ते याला कळत नाही." मग त्यांनी पखवाज मागवला, कणीक लावून घेतली आणि बारवेच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाजवले. एका मुलाने ते मोबाइलवर मुद्रित केले. आता चित्रफितीच्या आरंभी यंत्राची बासरी आहे आणि शेवटी बुवांचा पखवाज. श्रेयनामावलीत मुलांनी दोन्ही लिहिले आहे.

मुद्रण झाल्यावर एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "बुवा, हे आपण यंत्राला शिकवायला देऊ या. मग कोणालाही असा रूपक मागता येईल." बुवांनी विचारले, "ते शिकले, तर मग सप्ताहाला मला कोण बोलावील?" मुले माझ्याकडे पाहू लागली. मी त्यांना एवढेच सांगू शकलो, की हा प्रश्न बुवांचा एकट्याचा नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो व युडिओ यांच्यावर दावे लावले, ते याच कारणासाठी. आमची मुद्रणे न विचारता शिकवणीला वापरली, अशी त्यांची तक्रार. त्यांपैकी काहींत २०२५ मध्ये समझोते झाले. पण त्या कंपन्यांकडे वकील आहेत. बुवांकडे पखवाज आहे. उलट बाजूने पाहिले, तर बुवांचा हात कोणी टिपून ठेवलाच नाही, तर यंत्राला काय, पुढच्या नववीतल्या मुलांनाही तो कळणार नाही. हेही बुवांना सांगितले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "शाळेत ठेवा. बाहेर द्यायचे झाले तर आधी मला विचारा."

ते मुद्रण शाळेच्या संगणकावर आहे. सोबत वहीतले एक पान आहे. त्या मुलीने यंत्रासाठी शिकलेल्या रीतीनेच, पण या वेळी मराठीत, वर्णन लिहिले आहे: 'एकटा पखवाज. रूपक, सात मात्रा, तीन-दोन-दोन. लय सुरुवातीला मिनिटाला ७२, शेवटी ९६. दगडी विहिरीतला निनाद. डाव्या पुडीचा आवाज जाड, कणीक ओली. मधे एकदा पारवे उडाल्याचा आवाज.'